'आत' असणे म्हणजे नेमके काय?

वस्तीत काम करताना आम्हाला नेहमी विचारतात, "पोरगं आत आहे, म्हणजे शिक्षा झाली का?" नाही! अटक म्हणजे शिक्षा नव्हे. कोठडीतला माणूस फक्त आरोपी असतो. गुन्हा सिद्ध झाल्यावर भोगावा लागतो तो कारावास. स्थानबद्धतेत तर खटल्याविनाच डांबतात.

पण एका शब्दाने तुरुंगाला तुरुंग म्हणूच दिले नाही: 'सेटलमेंट'. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने हे संकट मुंबई इलाख्यातही आले. सोलापुरात तारांच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. रोज हजेरी, ना खटला, ना सुटकेची तारीख. कागदावर मात्र ही 'वसाहत'! जन्मावरून माणूस ठरवण्याची मनुस्मृतीचीच ही रीत, शिक्का फक्त इंग्रजांचा.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. विमुक्त म्हणजे सुटलेले. ती कैदच होती, याची कबुली या शब्दातच आहे. पुढे 'सराईत गुन्हेगार' कायदे आले, संशय तोच राहिला.

म्हणून पोलीस दप्तरातला शब्द वाचताना आम्ही एकच विचारतो, तुम्हीही विचारा: हा शब्द कृत्याबद्दल बोलतो की जन्माबद्दल?

जय भीम!