टोपीवरचा असईचा हत्ती

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा आणि आपल्या जालना जिल्ह्याचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी एका बिल्ल्याकडे बोट दाखवतो. 'हायलँड लाइट इन्फन्ट्री' ही प्रामुख्यानं ग्लासगोची पलटण. तिच्या शिपायांच्या टोपीवर एक चांदणी असे, चांदणीवर रणशिंग, वर राजमुकुट आणि तळाशी इवलासा हत्ती. हत्तीच्या वरच्या पट्टीवर एकच शब्द : असई.

असई हे भोकरदनजवळचं खेडं. तिथे केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन. त्याची ७४ वी हायलँडर पलटण वाट चुकून थेट असई गावातल्या तोफांच्या तोंडी गेली. पाचशेच्या आसपास माणसं होती. त्यांतली सुमारे चारशे मेली किंवा जखमी झाली. तरीही लढाई इंग्रजांनी जिंकली. या पराक्रमाबद्दल १८०७ मध्ये पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं. १८८१ मध्ये ७१ वी आणि ७४ वी पलटण एक होऊन 'हायलँड लाइट इन्फन्ट्री' झाली आणि असईचं नाव तिच्या टोपीवर चढलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात मेलेल्या ग्लासगोच्या पोरांच्या कपाळावर मराठवाड्यातल्या एका खेड्याचं नाव होतं!

शिंद्यांच्या गोलंदाजांचं काय? संगिनी अंगात घुसेपर्यंत ते तोफांपासून हलले नाहीत, असं खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. त्यांच्यात हिंदू होते, मुसलमानही होते. वेलस्लीच्या बाजूनं मेलेल्यांतही मद्रासचे देशी शिपाई होतेच. मद्रासी पलटणींना निदान हत्ती मिळाला. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तो आहे. हरलेल्या गोलंदाजांसाठी कुणी बिल्ला पाडला नाही. ज्यांची सत्ता उरते, त्यांच्याच टांकसाळीत बिल्ले पडतात.

१९५९ मध्ये ती स्कॉटिश पलटण दुसरीत विलीन झाली आणि टोपीवरचा हत्ती गेला. मी कविता लिहिणारा माणूस; बिल्ल्यावर एखादाच शब्द मावतो, हे मला समजतं. पण आपल्या पाठ्यपुस्तकांना अशी जागेची अडचण नाही. असईचा धडा शिकवताना वेलस्लीच्या डावपेचांबरोबर त्या गोलंदाजांविषयीही चार ओळी याव्यात. त्यांची नावं आता सापडायची नाहीत, पण ते तोफेपाशी उभे राहिले, एवढं तरी मुलांना सांगता येईल.