परळची एक जुनी गोष्ट आणि आजारी मुलाचं जेवण

घरातल्या लहान मुलाला कॅन्सर झाला की सगळे दोनच प्रश्न विचारतात. बरा होईल ना? आणि, त्याला खायला काय द्यायचं? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र आत्या, मावशी, शेजारी आणि व्हॉट्सअ‍ॅप असे सगळे मिळून देतात, आणि ते रोज बदलतं. गंमत म्हणजे हा दुसरा प्रश्न वाटतो तितका दुय्यम नाही. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं पहिलं परिणामकारक औषध अन्नाच्याच प्रश्नातून निघालं, आणि त्याची सुरुवात आपल्या परळमध्ये झाली. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज लिहायला घेतली.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. इथल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात कापड गिरण्यांत राबणाऱ्याही आल्या, एक भयंकर रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकजणी दगावत. बाईंनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं. जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी या बायका जेवतात काय, याचीच पाहणी केली. डॉ. तळपदे यांनी या कामात त्यांना साथ दिली. उत्तर ताटातच होतं. पालेभाजी, फळं, दूध यांचा पत्ताच नव्हता. शेवटी उपयोगी पडलं ते मार्माइट, म्हणजे ब्रेडला लावून खातात ते यीस्टचं काळपट, खारट चाटण. ते दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये बाईंनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो अज्ञात घटक पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला.

दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी ढीगभर पालकातून एक द्रव्य वेगळं केलं आणि पानावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिलं. विल्सबाईंचा घटक तो हाच. (त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला, हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर, टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.)

आता गोष्ट बोस्टनला जाते. तिथे सिडनी फार्बर हे डॉक्टर ल्युकेमिया झालेल्या मुलांवर उपचार शोधत होते. तेव्हा ही मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारतं हे माहीत झालं होतं, म्हणून त्यांनी त्याच जातीची द्रव्यं या मुलांना देऊन पाहिली. झालं उलटंच, आजार बळावल्यासारखा दिसला. कॅन्सरच्या पेशींनाही तेच अन्न हवं होतं! मग फार्बर यांनी विचार फिरवला. हे अन्न पेशींपर्यंत पोचूच दिलं नाही तर?

त्यासाठी लागणारी द्रव्यं लेडर्ले कंपनीत तयार होत होती, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेले होते, ज्यावर पुढे फॉलिक अ‍ॅसिडचाच उपयोग होऊ लागला. सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिलं, त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. जून १९४८ मध्ये हे छापून आलं. सुधारणा टिकली नाही, पण दार उघडलं. अमिनोप्टेरिनचा भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिला जातो.

इथून पुढे औषधं वाढत गेली आणि ताट मात्र मागे पडलं. जेवण म्हणजे घरच्यांची बाब, किंवा दानधर्म. खरं तर केमो सुरू झाली की तोंड येतं, चव जाते, उलट्या होतात. स्टेरॉइड चालू असताना तेच मूल मध्यरात्री वरणभात मागतं. काउंट खाली आले की पाणी उकळून द्यायचं, बाहेरचं कापलेलं फळ बंद. मूल आधीच कुपोषित असेल तर औषधाचा डोस सोसत नाही, जंतुसंसर्ग होतो, उपचार लांबतात. वजनावर विसंबूनही चालत नाही, कारण पोटात मोठी गाठ असेल तर काटा तिचंही वजन दाखवतो. म्हणून दंडाचा घेर मोजतात.

ग्वाटेमालात ल्युकेमियाच्या मुलांचा एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला कुपोषित असलेल्या ज्या मुलांचं पोषण पहिल्या सहा महिन्यांत सुधारलं, ती जगण्याच्या बाबतीत धडधाकट मुलांच्या बरोबरीला आली. म्हणजे अंडं, केळं, डाळीची खिचडी हाही उपचारच.

परळला उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून कुटुंबं येतात, महिनोन् महिने राहतात, बापाची मजुरी बुडते. अशा वेळी मुलाला पौष्टिक द्या असं नुसतं सांगून काय होणार? गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न हे पहिलं ठेवलं. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. २००६ मध्ये सेंट ज्यूड इंडियाचं पहिलं केंद्र सुरू झालं. तिथे राहायला जागा, शिधा आणि आपलं जेवण आपण रांधायची सोय मिळते. बिहारच्या पोराला आईच्या हातचा सत्तू मिळणं किती मोलाचं! कडल्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी तर मुलांच्या कॅन्सर वॉर्डात आहारतज्ज्ञ बसवले आणि कुटुंबासाठीही शिधा द्यायला सुरुवात केली. तो महत्त्वाचा, कारण घरी बाकीची भावंडं उपाशी असतील तर कुठली आई एकाच मुलाला अंडं भरवेल?

नातेवाइकांसाठी शेवटी एक सांगते. अशा घरी भेटायला जाताना कौतुकाने व्हिटॅमिनच्या गोळ्या नेऊ नका. त्यांत बहुधा फॉलिक अ‍ॅसिड असतं, आणि मेथोट्रेक्सेट नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. मोठ्या डोसनंतर निरोगी पेशी वाचवायला डॉक्टर फोलिनिक अ‍ॅसिड देतात, पण ते ठरलेल्या वेळी, मोजून. तेव्हा काय चालेल ते आधी विचारा. आणि आईसाठी डबा न्या. ती जेवलेली नसण्याची शक्यता फार असते.