विश्लेषणात्मक शिक्षणतत्त्वज्ञान

शिक्षणविषयक चर्चेतील मूलभूत संकल्पनांचा व भाषेचा तार्किक उलगडा करणारी तत्त्वज्ञानाची शाखा. सी. डी. हार्डी यांचा १९४२ सालचा ग्रंथ ही तिची सुरुवात मानली जाते; पण ती बहरली १९६०च्या दशकात, हार्वर्डमध्ये इस्रायल शेफ्लर आणि लंडनमध्ये आर. एस. पीटर्स यांच्यामुळे.

शेफ्लर यांनी ‘द लँग्वेज ऑफ एज्युकेशन’ (१९६०) मध्ये शिक्षणातील व्याख्या, घोषवाक्ये आणि रूपके तपासली. ‘आम्ही विषय नव्हे, मुले शिकवतो’ हे वाक्य शब्दशः घेतले तर टिकत नाही, कारण मुलांना शिकवायचे म्हणजे काहीतरी शिकवावेच लागते; तरी मुलाकडे लक्ष वेधण्याचे त्याचे व्यावहारिक मोल उरतेच. हा भेद आजही धोरणपत्रे वाचताना अत्यंत उपयोगी पडतो.

पीटर्स यांच्या ‘एथिक्स अँड एज्युकेशन’ (१९६६) नुसार, एखाद्या प्रक्रियेला शिक्षण म्हणायचे तर तीत मोलाचे काही संक्रमित व्हावे, ज्ञान व आकलन सुट्या माहितीपुरते राहू नये आणि शिकणाऱ्याची जाणीव व संमती डावलली जाऊ नये. म्हणूनच बिंबवणूक किंवा केवळ कौशल्याचा सराव शिक्षण ठरत नाही. पॉल हर्स्ट यांच्यासह पीटर्स यांनी ‘द लॉजिक ऑफ एज्युकेशन’ (१९७०) लिहिले.

हे विश्लेषण तटस्थ नसून एका विशिष्ट समाजाची मूल्येच सार्वत्रिक म्हणून मांडते, हा त्यावरील आक्षेप गंभीर आहे. १९७०च्या दशकाअखेर या परंपरेचा प्रभाव ओसरू लागला.