पतंग, पाणी आणि घसारा

वस्तूची किंमत वापराने उतरते, हा व्यवहारातील सर्वमान्य सिद्धान्त होय. आणि जमाखर्चाच्या वह्यांत घसाऱ्याचा जो रकाना असतो, तो याच गृहीतावर आखलेला असतो. परंतु काही पदार्थ असे आढळतात की, ज्यांना मालकाचा वापर जितका झिजवीत नाही तितकी कोणा दूरस्थ कारागिराची बुद्धी झिजवते. पेटीत घडी करून ठेवलेले, उन्हाचा किरणही न लागलेले कोरे सामान एका हंगामात निकालात निघते, कारण सातासमुद्रापलीकडे कोणाला तरी अधिक चांगली युक्ती सुचलेली असते. पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभे राहून पाण्यावरून धावण्याचा जो खेळ काइटसर्फिंग या नावाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रूढ झाला, त्याच्या जुन्या सामानाच्या बाजाराला हीच रीत लागू पडते. आणि त्या बाजारातले चढउतार समजून घ्यावयाचे तर त्या खेळाच्या शोधांचा मागोवा घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

वाऱ्याकडून फुकट वेठबिगार करून घेण्याची हौस जुनीच आहे. ब्रिस्टल शहरातील जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने 1826 साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. आणि त्या काळी रस्त्यावरील टोल जुंपलेल्या घोड्यांच्या संख्येवर आकारला जात असल्यामुळे, ज्या गाडीला घोडाच नाही तिच्याकडून काय वसूल करावे, असा पेच नाकेदारांना पडे, असे सांगतात. या विद्येच्या उगमापाशीच काटकसर उभी आहे, हे पाहून गंमत वाटते. पुढे 1903 मध्ये सॅम्युएल कोडी याने पतंगाने ओढलेल्या लहानशा होडीतून इंग्लिश खाडी पार केली. परंतु पोकॉक काय किंवा कोडी काय, त्यांच्या हातून पराक्रम घडला, बाजार उत्पन्न झाला नाही. कारण बाजाराला एकाच जातीचे पुष्कळ नग लागतात, आणि एकट्या विक्षिप्ताच्या मागे सामान उरले तरी ते संग्रहालयात जाते, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जात नाही.

खरा प्रारंभ झाला तो फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात. ब्रुनो आणि डोमिनिक लगेन्यू या दर्यावर्दी बंधूंपुढचा प्रश्न साधा, पण चिवट होता: पाण्यावर पडलेला पतंग भिजतो, जड होतो आणि पुन्हा उडत नाही. त्यांनी पतंगाची अग्रधार आणि आडव्या बरगड्या हवेने फुगणाऱ्या नळ्यांच्या केल्या, जेणेकरून तो लाटांवर तरंगत राहावा आणि दोर ओढताच परत आकाशात चढावा. आणि 1984 च्या नोव्हेंबरात त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढील वर्षी ब्रेस्ट येथील वेगस्पर्धांच्या मेळ्यात त्यांनी तिचे प्रात्यक्षिकही दाखविले. परंतु तो काळ विंडसर्फिंगच्या भरभराटीचा होता. शिडाच्या बोर्डांचे कारखाने दिवसरात्र चालू असता, पाण्यावर पतंग उडविणाऱ्या या दोघा भावांना दारात उभे करावयास कोणीही कारखानदार तयार झाला नाही. आणि जवळजवळ दहा वर्षे ही सनद त्यांच्या दप्तरात बिनकामाची पडून राहिली. ज्याचे चांगले चालले आहे त्याला नवे दिसत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण व्यापाराच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

याच सुमारास अमेरिकेत, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, जिथे दोन पर्वतांमधल्या खिंडीतून वारा अखंड वाहतो त्या हूड रिव्हर गावी, बोइंग कंपनीतील वायुगतिशास्त्रज्ञ बिल रोझलर आणि त्याचा मुलगा कोरी यांनी पाण्यावरील स्कीजोडीला पतंग बांधून, हातातल्या दांडीवरच दोर गुंडाळण्याचा रहाट बसविलेले काइटस्की नावाचे यंत्र 1994 च्या सुमारास विक्रीस आणले. ते चाले चांगले. पण ते सर्वांच्या हातचे नव्हते. लगेन्यू बंधूंनी मात्र विपिका या नावाने स्वतःच धंदा उभारला; मान्यू बेर्तँ या फ्रेंच खेळाडूने त्यांचे पतंग हवाई बेटांत नेले; 1996 मध्ये त्याने आणि सर्फपटू लेर्ड हॅमिल्टनने माउई बेटाच्या किनाऱ्यावर ते उडवून दाखविले; आणि 1997 पासून फुगीर नळ्यांचा पतंग दुकानांत मिळू लागला. त्यानंतर नेश, नील प्राइड यांसारख्या विंडसर्फिंगमधल्याच बड्या नावांनी बंधूंकडून परवाने घेतले. ज्यांनी दारे लावून घेतली होती त्या धंद्यातील माणसे आता इजाऱ्याची रक्कम मोजून आत येत होती.

येथून जुन्या सामानाच्या बाजाराचा उदय होतो, आणि तो उदय मंगल नव्हता. पहिल्या पतंगांना दोनच दोर असत. त्यांचा डावा-उजवा मोहरा फिरविता येई, पण वाऱ्याचा जोर अंगावर आला तर तो उतरविण्याचा उपाय नव्हता. चार दोर आल्यावर थोडी मोकळीक मिळाली, तरी इंग्रजी सी अक्षरासारख्या खोल कमानीचा तो पतंग ऐन झोताच्या वेळी माणसाला वाळूवरून, खडकांवरून फरफटत नेई. दरवर्षी नवी, किंचित सुधारलेली आवृत्ती निघे. तरबेज खेळाडू ती घेत आणि मागच्या वर्षीची किनाऱ्यावरच्या नवशिक्यास विकत. स्वस्त म्हणून नवशिका ती आनंदाने घेई. परिणाम असा झाला की, ज्याला कौशल्य सर्वांत कमी त्याच्या हाती सर्वांत धोक्याचे हत्यार येत गेले, आणि तो सौदा दोन्ही पक्षांना किफायतशीर वाटत राहिला. 2002 साली जर्मनीच्या फेमार्न बेटावरील स्पर्धेत एका नामवंत महिला खेळाडूचा पतंगाने ओढल्यामुळे मृत्यू झाला, तेव्हा हे संकट नवशिक्यांपुरतेच मर्यादित नाही, हे साऱ्यांना कळून चुकले. आणि पतंगापासून क्षणार्धात सुटका करून घेण्याच्या खटक्याची निकड सर्वत्र बोलली जाऊ लागली.

मग आले 2005 साल. पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षांची, म्हणजे बंधूंच्या पहिल्या सनदेचा अंमल 2004 च्या अखेरीस फ्रान्समध्ये संपत होता. आणि नेमके त्याच संधीला त्यांनी दुसरी रचना बाजारात उतरविली. हा योगायोग म्हणावा की धोरण, याचा निर्णय वाचकांनीच करावा. मला तरी त्यात शेतकऱ्याची नव्हे, वकिलाची दूरदृष्टी दिसते. नवा पतंग अधिक सपाट होता, त्याची मागली कडा आत वळलेली होती, आणि अग्रधारेला अनेक ठिकाणी बांधलेल्या लगामांनी तो आधारलेला होता. त्यामुळे हातातली दांडी पुढे ढकलताच वाऱ्याचा जवळजवळ सगळा जोर ओसरे. कॅब्रिन्हा कंपनीचा क्रॉसबो हा त्याचा पहिला प्रसिद्ध अवतार. एकाच पतंगात कमी-अधिक वाऱ्याचे मोठे अंतर सामावू लागले. पूर्वी जेथे चार पतंग बाळगावे लागत तेथे दोन-तीनांत भागू लागले.

आणि खोल कमानीच्या जुन्या पतंगांचा भाव कोसळला. त्यांचे कापड धडधाकट होते, शिलाई शाबूत होती, कित्येकांवर तर दुकानाची चिठ्ठीही तशीच होती. पण ज्याला आपला जीव प्रिय, तो ते फुकटही घेईना. हवेत उलटसुलट कोलांट्या घेणारे मूठभर निष्णात त्या कमानीच्या ठाम ओढीसाठी तिला चिकटून राहिले खरे, परंतु मूठभरांच्या आवडीवर बाजार चालत नाही. आजही 2005 पूर्वीचा पतंग कोणी स्वस्तात देऊ करीत असेल तर त्याची स्वस्ताई ही किंमत नसून पूर्वसूचना समजावी.

त्यानंतर शोधांचा वेग मंदावला. पुढील वर्षांत लगामांची मांडणी सुटसुटीत झाली, सर्व नळ्या एकाच तोंडातून फुगविण्याची सोय आली, कापड हलके झाले. पण एका रात्रीत मागले सारे मोडीत काढील असे काही घडले नाही. आणि याच मंद काळात काटकसरीची एक विद्या आकारास आली, जी टारिफाच्या स्पॅनिश किनाऱ्यापासून हूड रिव्हरपर्यंत सर्वत्र थोड्याफार फरकाने एकच आहे. कंपन्या पुढल्या वर्षाचे नमुने आदल्या वर्षीच बाहेर काढतात. त्यामुळे नव्या पतंगावरचा सर्वांत मोठा घसारा पहिल्या हंगामातच, पहिल्या मालकाच्या माथी पडतो. दोन-तीन वर्षांचा, कमी उडालेला पतंग जो घेतो आणि पुढच्या दोन हंगामांत विकतो, तो घसाऱ्याच्या त्या कड्याच्या पायथ्याशी चढतो आणि सपाटीवरच उतरतो. नवे घेणाराला हौसेचे दाम मोजावे लागते. फार जुने घेणाराला ते विकता येत नाही. मधली जागा शोधणे हीच सारी कला.

त्या कलेत आकाराला मोठे महत्त्व आहे. मध्यम वजनाच्या माणसाला मध्यम वाऱ्यात लागणारे नऊ आणि बारा चौरस मीटरचे पतंग कोठेही विकले जातात. याउलट सतरा चौरस मीटरचा अवाढव्य पतंग फक्त मंद वाऱ्याच्या गावी, आणि पाचाचा चिमुकला फक्त वादळी किनाऱ्यावर गिऱ्हाईक पाहतो. दुसरी गोष्ट दांडीची. प्रत्येक कंपनीच्या दोरांची जुळणी निराळी; कोणाचे पुढचे दोर उंचावर एकत्र येतात, कोणाचे खाली, आणि काही पतंगांना तर पाचवा दोर लागे. म्हणून आपल्या दांडीवाचून विकावयास आलेला पतंग अर्ध्या दस्तऐवजासारखा असतो: त्याचा हक्क शाबीत करावयास पुन्हा पैसे पडतात. नावाचाही प्रश्न आहेच. नॉर्थ या नावाने वर्षानुवर्षे पतंग विकणाऱ्या कंपनीचा त्या नावावरील परवाना संपला आणि 2018 मध्ये तिने आपला माल डुओटोन या नावाने बाजारात आणला. पुढे नॉर्थ हेच नाव निराळ्या मंडळींनी निराळ्या पतंगांवर लावले. तेव्हा जुना नॉर्थ आणि नवा नॉर्थ हे भाऊबंद नव्हेत, ही वंशावळ ज्याला ठाऊक नाही तो दांडी एका घराण्याची आणि पतंग दुसऱ्या घराण्याचा घेऊन बसतो.

शारीरिक झिजेचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लोक त्याचाच विचार आधी करतात. पतंगाच्या पॉलिस्टर कापडाचा वैरी समुद्र नव्हे, सूर्य. कोरे कापड हाताळले असता नव्या मांजरपाटासारखे करकरते, आणि उन्हात पडून पडून त्याचा तो आवाज जातो. विक्रेता 'दहाच वेळा उडविला' असे शपथेवर सांगेल. त्याची शपथ ऐकावी, पण बोट कापडावर ठेवून. आतले फुगे रात्रभर फुगवून ठेवल्यास त्यांची गळती सकाळी कळते. झडपांच्या बुडाचा गोंद उष्ण हवेत सुटतो, आणि ती दुरुस्ती अवघड नसली तरी किमतीत घासाघीस करण्यास उत्तम सबब आहे. चारही दोर एका खुंटीला अडकवून ताणले असता त्यांपैकी एखादा लांबलेला असल्यास तोही चोरी पकडून देतो. प्रशिक्षण देणाऱ्या शाळा हंगामअखेर आपले पतंग एकगठ्ठा काढतात. ते एकाच वर्षाचे असतात हे खरे, परंतु त्या एका वर्षात शिकाऊंनी ते किती वेळा पाण्यावर आदळलेले असतात, याचा हिशेब कोणत्याही पावतीवर नसतो. सुटकेच्या खटक्यावर मात्र तडजोड नको. त्यासाठी 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निघाले. पतंग जुना घ्यावा, खटका असलेली दांडी शक्य तर नवी घ्यावी, असा जाणत्यांचा रिवाज आहे, आणि तो मला सर्वस्वी पटतो.

बोर्डची गोष्ट निराळी. सुरुवातीचे बोर्ड एकाच दिशेने चालणारे, विंडसर्फिंगच्या वळणाचे होते. दोन्ही टोके सारखी असलेला आखूड बोर्ड रूढ झाल्यावर त्यात मूलभूत बदल फारसा झाला नाही, म्हणून जुन्या बोर्डचा भाव जुन्या पतंगापेक्षा टिकून राहतो. तरीही पाण्याखाली पंख असलेला हायड्रोफॉइल आला, त्यावर स्वार होऊन 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेलच्या समुद्रावर, पतंगशर्यतीला प्रथमच पदके मिळाली. आणि त्याच हायड्रोफॉइलवर उभे राहून हातात फुगीर पंख धरण्याचा, दोरांचे लटांबर नसलेला विंगफॉइल नावाचा खेळ 2018-19 पासून झपाट्याने पसरला. त्या पंखाची अग्रधार फुगीर नळीचीच आहे. पतंगांच्या दुकानांत त्याने आज बरीच जागा व्यापली आहे, आणि पहिल्या वर्षांतले पंख इतक्या वेगाने जुने ठरले की, ते ज्यांनी हौसेने घेतले त्यांना पहिले फुगीर पतंग हौसेने घेणाऱ्यांची मनःस्थिती आता समजली असेल.

आपल्या बाजूला हा खेळ गोव्यात मोरजी आणि आश्वे येथे, मुख्यतः परदेशी पाहुण्यांबरोबर आला. चापोरा नदीच्या मुखाजवळ हिवाळ्याच्या अखेरीपासून दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आणि पतंग दिसू लागतात. येथला बाजार लहान आहे आणि घसाऱ्याला पावसाळ्याची जोड आहे: मे महिन्यानंतर चार महिने सामान दमट हवेत घडी घालून पडते, कापडाला बुरशी येते, झडपांचा गोंद सुटतो, आणि घरी परतणाऱ्या पाहुण्यास विमानात त्याचे ओझे नको असते. म्हणून मे महिन्यात विकणारा घायकुतीला आलेला असतो आणि नोव्हेंबरात घेणारा. पावसाळाभर कोरडी खोली ज्याच्यापाशी आहे, त्याने या दोन महिन्यांमधल्या भावातला फरक आपल्या पदरात पाडून घेण्यास हरकत नाही.