मावळतीचा मुलूख

डिसेंबर 2022 मध्ये मोरोक्कोने पोर्तुगालला हरवून फुटबॉल विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली, त्या रात्री आमच्या औंढे-लोणावळ्याकडची पोरं जागी होती. सोमवारी वर्गात एकाने विचारलं, "सर, अरबांची टीम इतकी पुढे पहिल्यांदाच गेली ना?" मी हो म्हणालो. पण ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगायचं राहून गेलं.

आपल्याला एक प्रश्न जन्मभर पुरतो : "मुसलमान असून तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणारा चांगल्या मनाने विचारतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्याला त्यावर काय बोलावं तेच सुचत नाही. इकडे आपलीच माणसं विचारतात, "पोराला उर्दू शाळेत का नाही घातलं?" मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे मला दोन्हीकडून ऐकावं लागतं. म्हणून हा मोरोक्को.

त्याचं अरबी नाव अल-मग़रिब, म्हणजे मावळतीचा देश. आपल्या मावळचं नावही मावळतीवरूनच पडलं असं सांगतात. राजधानी रबात, सर्वांत मोठं शहर कासाब्लांका, वस्ती पावणेचार कोटींच्या आत. उस्मानी साम्राज्यात हा देश कधी सामील झाला नाही.

तिथले मूळ रहिवासी अमाज़िग़. बाहेरचे त्यांना बर्बर म्हणत, हे नाव त्यांना स्वतःला रुचत नाही. सातव्या-आठव्या शतकात अरब फौजांबरोबर इस्लाम आला आणि त्यांनी तो स्वीकारला. 711 मध्ये समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरलेला तारिक बिन ज़ियाद बहुतेक इतिहासकारांच्या मते अमाज़िग़च होता. आमच्या मुलांना तो अरब वाटतो. पण मुसलमान होऊनही उमय्या सुभेदार त्यांच्यावर जाचक कर लादत, त्यांना दुय्यम वागवत. 740 मध्ये तंजा शहरातून बंड उठलं. ते दीनविरुद्ध नव्हतं, बरोबरीच्या वागणुकीसाठी होतं. पुढे 788 च्या सुमारास पैगंबरांच्या वंशातले इद्रीस अब्बासींपासून जीव वाचवून इथे आले, तेव्हा त्यांना आपला इमाम मानलं ते याच लोकांच्या अवरबा टोळीने.

याच तंजामध्ये 1304 साली इब्न बतूता जन्मला. त्याच्या नावातलं 'अल-लवाती' लवाता या अमाज़िग़ टोळीवरून आलेलं आहे. सफरनामा मात्र अरबीत. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघालेला हा काज़ी दौलताबादहून नंदुरबारला आला. तिथल्या मराठ्यांविषयी तो लिहितो, की हे कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत. भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात. जेवणाआधी अंघोळ करतात. दारू पीत नाहीत. ती अंघोळ त्याने आपल्या ग़ुसलशी ताडून पाहिली, हे मला फार आवडतं. परक्या घरात ओळखीची वस्तू दिसावी तसं झालं असणार त्याचं.

मोरोक्कोवर 1912 मध्ये फ्रान्स आणि स्पेनने ताबा बसवला. उत्तरेच्या रीफ डोंगरांत अब्दुल करीम ख़त्ताबीने जुलै 1921 मध्ये अन्वाल इथे स्पेनच्या फौजेचा धुव्वा उडवला. सह्याद्रीत राहणाऱ्याला डोंगरातली ही लढाई वेगळी समजवावी लागत नाही. हा माणूस आधी शिक्षक होता, काज़ीही होता. घरी रीफची बोली, शिक्षण अरबीत, नोकरी स्पॅनिशांकडे. 1926 मध्ये त्याला शरण जावं लागलं.

1956 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, आणि शाळांत अरबी आणण्याचा धडाका सुरू झाला. अमाज़िग़ मूल वर्गात शिरलं की घरची भाषा दाराबाहेर. ती शाळेत यायला 2003 उजाडलं, आणि राजभाषा व्हायला 2011 ची राज्यघटना. 2024 च्या जनगणनेत सुमारे एक चतुर्थांश लोकांनी ती बोलत असल्याचं सांगितलं. आता सरकारी इमारतींवर अरबीच्या जोडीला तिफिनाग़ लिपीतलं नावही दिसतं. वर्गात मात्र ती अजून पुरती पोचलेली नाही, कारण शिकवणारे कमी पडतात.

त्या मुलाला मी हे मंगळवारी सांगितलं. त्याने वहीत तिफिनाग़मधलं एक अक्षर काढून मागितलं. मला येत नव्हतं. मोबाईलवर शोधून दोघांनी मिळून काढलं.