अवकाशस्पर्धा, भारत–पाकिस्तान

भारत आणि पाकिस्तान या दोन शेजारी राष्ट्रांच्या अवकाश-कार्यक्रमांत १९६१ पासून आजतागायत चालत आलेली चढाओढ. एकाच सुमारास, एकाच परकीय साहाय्यकर्त्याच्या आधाराने आणि जवळजवळ सारख्याच साधनसामग्रीनिशी आरंभलेले हे दोन कार्यक्रम पुढील सहा दशकांत परस्परांपासून इतके दूर गेले की, या अंतराची कारणमीमांसा हाच प्रस्तुत विषयाचा गाभा ठरतो. उभयतांमधील राजकीय वैराने या चढाओढीला धार आणली हे खरे. तथापि तिचा निकाल मुख्यतः उभय देशांनी आपापल्या संशोधनसंस्थांची जी घडण केली आणि त्या संस्थांपुढे जे प्रयोजन ठेवले, त्यांवरून लागला.

प्रारंभ : या क्षेत्रात पहिले पाऊल पाकिस्तानने टाकले. राष्ट्राध्यक्ष अयूबखान यांचे वैज्ञानिक सल्लागार, भौतिकीविज्ञ अब्दुस सलाम, यांच्या प्रेरणेने सप्टेंबर १९६१ मध्ये कराची येथे अवकाश व उच्च वातावरण संशोधन समिती, म्हणजे आज ‘सुपार्को’ या आद्याक्षरी नावाने परिचित असलेली संस्था, स्थापन झाली. त्याच काळात हिंदी महासागरावरील उच्च वातावरणातील वाऱ्यांची माहिती मिळवण्यात अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेला स्वारस्य होते आणि त्यासाठी सागराकाठच्या देशांना अग्निबाण व प्रशिक्षण देण्याची तिची तयारी होती. पाकिस्तानने या संधीचा विलक्षण त्वरेने लाभ घेतला. कराचीच्या वायव्येस बलुचिस्तानच्या किनाऱ्यावर सोनमियानी येथे तळ उभारण्यात आला, तारिक मुस्तफा यांच्या नेतृत्वाखालील तरुण तंत्रज्ञ अमेरिकेच्या वॉलॉप्स बेटावरील तळावर शिक्षण घेऊन परतले, आणि ७ जून १९६२ रोजी ‘रहबर-१’ हा अग्निबाण सुमारे १३० किलोमीटर उंचीपर्यंत झेपावला.

भारतात अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत १९६२ मध्ये राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती नेमण्यात आली. त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा यांचा तिला पाठिंबा होता आणि तिची धुरा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक विक्रम साराभाई यांनी वाहिली. साराभाईंचे निकटचे सहकारी, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, हे समितीचे पहिले सदस्य-सचिव होते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे आणि त्या रेषेवर सुमारे ११० किलोमीटर उंचीवर विद्युत्प्रवाहाचा एक प्रबळ पट्टा वाहत असल्यामुळे तिरुवनंतपुरमनजीकचे थुंबा हे कोळ्यांचे गाव प्रक्षेपणासाठी पसंत करण्यात आले. तेथील सेंट मेरी मॅग्डलिनचे चर्च आणि बिशपचे निवासस्थान बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने शास्त्रज्ञांच्या ताब्यात आले, आणि जेथे प्रार्थना होत असे त्या वास्तूत अग्निबाणाची जुळणी होऊ लागली. वॉलॉप्स येथेच शिकून आलेल्या भारतीय तुकडीत ए. पी. जे. अब्दुल कलाम, आर. अरवमुदन आणि पुण्याचे प्रमोद काळे यांचा समावेश होता.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी, म्हणजे सोनमियानीनंतर सुमारे दीड वर्षाने, थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला. तो प्रक्षेपकावर चढवण्याच्या वेळी यारीची द्रवदाब-यंत्रणा गळू लागली, तेव्हा उपस्थित मंडळींनी तो आपल्या हातांनी जागी बसवला. या दोन्ही उड्डाणांतील साम्य लक्षणीय आहे. दोहोंचा पहिला टप्पा अमेरिकेच्या ‘नाइके’ या विमानविरोधी क्षेपणास्त्रावरून घेतलेला होता. त्यावर सोनमियानीस ‘केजन’ आणि थुंब्यास ‘अपाची’ हा दुसरा टप्पा चढवलेला होता. दोहोंच्या शिरोभागी सोडियम धातू होता. सूर्यास्तानंतर भूमीवर अंधार उतरत असता शंभर किलोमीटरपलीकडे मात्र सूर्यप्रकाश शिल्लक असतो. त्या उंचीवर सोडलेली सोडियमची वाफ या प्रकाशाने पिवळसर-नारिंगी उजळते, वाऱ्यांच्या ओढीने तिची सरळ रेषा नागमोडी होते, आणि भूमीवरील निरनिराळ्या ठाण्यांवरून घेतलेली तिची छायाचित्रे एकमेकांशी ताडून वाऱ्याचा वेग व दिशा यांचे गणित मांडता येते. तात्पर्य, अरबी समुद्राच्या दोन तीरांवर एकाच विद्येचा एकच पाठ गिरवला जात होता, आणि त्या पाठात पाकिस्तान पुढे होता.

प्रयोजनातील भेद : सोनमियानीहून रहबर मालिकेची उड्डाणे १९७२ पर्यंत चालू राहिली, उच्च वातावरणाचे संशोधन हाच त्यांचा प्रधान हेतू होता. साराभाईंनी मात्र आरंभापासूनच या विद्येची सांगड शिक्षण, शेती, हवामान आणि दळणवळण या लोकव्यवहाराच्या गरजांशी घातली, आणि उपग्रह व तो कक्षेत नेणारे वाहन ही दोन्ही स्वदेशी बनावटीची असावीत असा आग्रह धरला. थुंबा येथे १९६७ मध्ये देशी बनावटीचा पहिला छोटा अग्निबाण उडाला. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी थुंब्याचा तळ संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण केला, त्यामुळे अमेरिका, रशिया व फ्रान्स या तिन्ही देशांच्या सहकार्याची द्वारे एकाच वेळी खुली राहिली. घन इंधनाच्या क्षेत्रात मूळचे पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी जे कार्य केले, ते पुढील प्रक्षेपकांचा पाया ठरले.

या प्रयोजनाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९७५–७६ मधील उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनाचा प्रयोग होय. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. चिटणीस हे या प्रयोगाचे एक प्रमुख सूत्रधार होते. स्वतःचा दळणवळण-उपग्रह हाती येण्यापूर्वीच त्याचा उपयोग कसा करावा याची तालीम देशाने पूर्ण केली, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व होय.

संस्थांची घडण : भाभा १९६६ मध्ये आणि साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. प्रवर्तकांच्या अशा अकाली निधनाने एखादा कार्यक्रम सहज खंडित झाला असता. परंतु १९६९ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संघटना (इस्रो) स्थापन झालेली होती, १९७२ मध्ये अवकाश आयोग व स्वतंत्र अवकाश विभाग निर्माण होऊन त्यांचा थेट पंतप्रधानांशी संबंध जोडला गेला, आणि सतीश धवन यांनी बारा वर्षे अध्यक्षपद सांभाळून प्रकल्पांची छाननी, अपयशाची मोकळी चिकित्सा आणि उद्योगांचा सहभाग यांची शिस्त घालून दिली. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे पहिले प्रक्षेपण-वाहन समुद्रात कोसळले, तरी मंजूर तरतूद रद्द झाली नाही की प्रकल्पप्रमुख कलाम यांना पदावरून दूर करण्यात आले नाही. १८ जुलै १९८० रोजी त्याच वाहनाने ३५ किलो वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून कक्षेत पोहोचवला.

पाकिस्तानात याच दशकात निराळे वारे वाहू लागले. १९७१ च्या युद्धातील पराभवानंतर आणि विशेषतः मे १९७४ च्या भारताच्या पोखरण येथील अणुचाचणीनंतर राज्यकर्त्यांनी वैज्ञानिक मनुष्यबळ व द्रव्य अण्वस्त्रांकडे वळवले. त्याच वर्षी अहमदिया पंथीयांना घटनादुरुस्तीने मुस्लिमेतर ठरवण्यात आले, तेव्हा त्या पंथाचे असलेले सलाम निषेध म्हणून देश सोडून गेले. पुढे पाच वर्षांनी ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या सल्ल्यास त्यांचा स्वदेश अशा रीतीने पारखा झाला. सुपार्कोचा कारभार १९६७ ते १९७९ या काळात व्लादिस्लाव तुरोविच या वैमानिकाने पाहिला. मूळचे पोलंडचे असलेले तुरोविच दुसऱ्या महायुद्धानंतर पाकिस्तानच्या वायुदलात दाखल झाले होते. या गृहस्थांची निष्ठा व कर्तबगारी वादातीत होती; उणीव होती ती संस्थेमागे उभ्या राहणाऱ्या विद्यापीठांची, उद्योगांची आणि दीर्घकाळ न बदलणाऱ्या धोरणाची. सुपार्कोला आयोगाचा दर्जा १९८१ मध्ये मिळाला, परंतु कालांतराने ती संस्था लष्करी नियंत्रणाखालील राष्ट्रीय अधिकारमंडळाच्या अखत्यारीत गेली आणि तिच्या प्रमुखपदी सेनाधिकारी नेमले जाऊ लागले.

उपग्रह : भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ हा १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने कक्षेत गेला. पाकिस्तानचा पहिला उपग्रह ‘बद्र-१’ त्यानंतर पंधरा वर्षांनी, १६ जुलै १९९० रोजी, चीनमधील शीचांग येथून गेला. सुमारे ५० किलो वजनाचा हा उपग्रह पाकिस्तानी अभियंत्यांनीच घडवला होता आणि तो अमेरिकेच्या अवकाशयानातून सोडण्याची मूळ योजना होती. परंतु १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यानाला झालेल्या अपघातामुळे ती बारगळली आणि पाकिस्तानला चीनकडे वळावे लागले. त्या क्षणापासून चीनचा आधार हे पाकिस्तानी कार्यक्रमाचे स्थायी अंग झाले. भारताने याच कालखंडात इन्सॅट मालिका, दूरसंवेदन उपग्रहांची मालिका आणि १९९४ पासून यशस्वी ठरलेले पीएसएलव्ही हे वाहन यांच्या बळावर परावलंबनाची कक्षा क्रमशः संकुचित केली. पाकिस्तानपाशी मात्र स्वतःचे उपग्रहवाहक वाहन अद्याप नाही.

क्षेपणास्त्रांची छाया : अग्निबाण आणि क्षेपणास्त्र यांची विद्या पुष्कळ अंशी एकच असल्यामुळे या चढाओढीवर लष्करी छाया पडणे अपरिहार्य होते. मे १९८९ मध्ये चाचणी घेतलेल्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ वरून घेतलेला होता. पाकिस्तानच्या ‘हत्फ’ मालिकेत सुपार्कोचा हातभार होता, आणि सोनमियानीच्या किनाऱ्यावरून पुढे क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होऊ लागल्या. याचे प्रायश्चित्त दोघांनाही भोगावे लागले : रशियाकडून अतिशीत इंजिनाचे तंत्रज्ञान घेण्याच्या करारावरून अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध घातले, आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर इस्रो व सुपार्को या दोन्ही संस्था अमेरिकेच्या निर्बंधित यादीत गेल्या. २७ मार्च २०१९ रोजी भारताने स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने नष्ट केला, तेव्हा ही छाया प्रत्यक्ष कक्षेपर्यंत पोहोचली.

भूस्थिर कक्षेतील जागा : स्पर्धेचा एक कमी परिचित प्रकार म्हणजे विषुववृत्तावरील सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीच्या कक्षेतील जागांवरील हक्क. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे मागणी नोंदवलेली जागा मुदतीत वापरात न आणल्यास हक्क बुडतो. ३८ अंश पूर्व रेखांशावरील आपली जागा अशी हातची जाण्याची वेळ आली, तेव्हा पाकिस्तानने मूळ इंडोनेशियासाठी सोडलेला आणि विद्युत्पुरवठ्यात बिघाड झालेला एक उपग्रह भाड्याने घेतला व २००२ च्या अखेरीस तेथे आणून ‘पाकसॅट-१’ या नावाने चालवला. ११ ऑगस्ट २०११ रोजी चीनने सोडलेल्या ‘पाकसॅट-१आर’ने पुढे त्याचे स्थान घेतले. अल्प साधनांतही हक्क राखण्याची ही दक्षता प्रशंसनीय म्हटली पाहिजे.

सहकार्याचा फसलेला प्रसंग : जून २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सार्क राष्ट्रांसाठी एक सामाईक उपग्रह देण्याची तजवीज मांडली. त्याची बांधणी व संचालन यांत सर्वांचा सहभाग असावा, अशी पाकिस्तानची मागणी होती. ती मान्य न झाल्याने तो देश योजनेतून बाहेर पडला आणि ५ मे २०१७ रोजी ‘दक्षिण आशियाई उपग्रह’ या बदललेल्या नावाने तो श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. एका पक्षाने दान म्हणून पुढे केलेली वस्तू दुसऱ्याने भागीदारी म्हणून मागितली. या मतभेदात उभय देशांना एकत्र काम करण्याची एक दुर्मीळ संधी गमवावी लागली.

अलीकडील स्थिती : २००८ चे चांद्रयान-१, २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरलेले यान आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरलेले चांद्रयान-३ यांनी भारताचे स्थान अग्रगण्य राष्ट्रांत निश्चित केले. चांद्रयान-२ च्या अपयशाची २०१९ मध्ये टवाळी करणारे पाकिस्तानचे तत्कालीन विज्ञानमंत्री फवाद चौधरी यांनीच चार वर्षांनी, मंत्रिपदावर नसताना, चांद्रयान-३ चे अवतरण पाकिस्तानी वाहिन्यांनी दाखवावे असे आवाहन केले. मे २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ-६ यानासोबत गेलेला, इस्लामाबादच्या अवकाश तंत्रज्ञान संस्थेने शांघायच्या विद्यापीठाच्या सहकार्याने बनवलेला ‘आयक्यूब-क्यू’ हा छोटा उपग्रह चंद्राच्या कक्षेत पोहोचला. चिनी अवकाशस्थानकावर पाकिस्तानी अंतराळवीर पाठवण्याचा करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. त्याच वर्षी जूनमध्ये भारताचे शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले.

मूल्यमापन : या इतिहासातून शेजाऱ्यावर मात केल्याचा आनंद काढणे सोपे आहे, परंतु ते इतिहासाला धरून होणार नाही. १९६२ मध्ये पुढे असलेला देश मागे पडला तो प्रज्ञेच्या अभावी पडला नाही. सलाम, मुस्तफा आणि बद्र-१ घडवणारे अभियंते हे कोणत्याही राष्ट्राला भूषणावह ठरले असते. विद्वानाचा पंथ पाहून त्याला दूर लोटणे, संशोधनसंस्था लष्कराच्या दावणीला बांधणे आणि अपयशानंतर पुन्हा प्रयत्न करण्याइतका अवधी न देणे, या तीन दोषांपासून जो देश जितका दूर राहील तितकीच त्याची विद्या वाढेल. आणि हा नियम विजेत्यालाही तितकाच लागू आहे. शिवाय ज्या लोकांसाठी हा सारा खटाटोप करावयाचा, त्यांची संकटे सामाईक आहेत. सिंधू नदीचे खोरे, मोसमी पाऊस आणि अरबी समुद्रातील वादळे यांना सरहद्द ठाऊक नाही. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्याला लागले, त्यापूर्वी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांवरील हजारो माणसे सुरक्षित स्थळी हलवण्यात आली होती. उपग्रहांच्या निरीक्षणांच्या आधारे उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचे इशारे देणारे नवी दिल्लीचे प्रादेशिक केंद्र आपले अंदाज पाकिस्तानलाही पाठवत असते. राजकीय वैराच्या अत्यंत कठीण काळातही टिकून राहिलेला हा व्यवहार लहान खरा, परंतु या चढाओढीच्या इतिहासात एका देशाने दुसऱ्याच्या जनतेवर केलेला हाच निःसंशय उपकार होय, आणि पूर, पीकपाणी व भूजल यांच्या माहितीपर्यंत त्याचा विस्तार करणे आजच्या साधनांनी शक्य आहे.