नर्सचे त्रैराशिक

परिचारिकेच्या कामाविषयी बोलावयाचे झाले म्हणजे सेवा, ममता आणि त्याग हे तीन शब्द आपल्या तोंडी सहज येतात. हिशेब हा शब्द कोणाच्याच तोंडी येत नाही. वास्तविक रोग्याच्या उशाशी उभी असलेली ती मुलगी दिवसातून कितीतरी वेळा त्रैराशिक मांडीत असते, आणि उत्तर चुकले तर नुसते मार्क जाऊन भागत नाही. ही विद्या तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि ती शिकताना तिचे पाऊल कोठे अडखळते, याचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे. मी गणिताचा पंडित नव्हे. कामगारांची हजेरी आणि पगारपत्रके तपासता तपासता जे गणित आले तेवढीच माझी पुंजी. परंतु वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांत राबणाऱ्या माझ्या सोबत्यांच्या काही मुली आज नर्सिंग शिकत आहेत, आणि त्यांच्या वह्या पाहण्याचा योग मला वरचेवर येतो.

मात्रा हा शब्द आपल्याकडे जुना आहे. घरची आजी बाळगुटी उगाळताना सहाणेवरचे वेढे मोजी. हिरड्याचे इतके, वेखंडाचे इतके. वैद्यबुवा गुंज, मासा आणि तोळा यांत औषध जोखीत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पुढे इंग्रजी वैद्यक आले आणि त्याबरोबर ग्रेन, ड्राम आणि औंस आले. साठ ग्रेनांचा ड्राम, आठ ड्रामांचा औंस. पातळ औषधासाठी मिनिम निराळा. आपला तोळा इंग्रजी अमलात 180 ग्रेनांचा ठरला. म्हणजे दुकानात एक माप, दवाखान्यात दुसरे आणि घरात तिसरे.

मुंबईस 1886 पासून परिचारिकांचे रीतसर शिक्षण सुरू झाले आणि 1891 साली बाई काशीबाई गणपत या हिंदी स्त्रीने ते घेण्यास आरंभ केला, अशी नोंद या व्यवसायाच्या इतिहासात आहे. पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी 1909 साली सेवासदन काढले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण घेण्याची वाट करून दिली. लोकनिंदा सोसून या बाया घराबाहेर पडल्या हे आपण सांगतो. परक्या भाषेतील अपूर्णांकही त्यांनी सोडविले हे सांगत नाही. त्या काळचा एक नमुना पाहा. डॉक्टरांनी 1/6 ग्रेन मॉर्फीन टोचावयास सांगितले आहे. हाताशी गोळी आहे 1/4 ग्रेनची. गोळी मोडून भागणार नाही. तेव्हा ती 24 मिनिम पाण्यात विरघळवावयाची आणि त्यातील 16 मिनिम द्यावयाचे. कारण 1/6 हा 1/4 चा दोन तृतीयांश आहे. पावकी आणि निमकी पाठ असलेल्या बाईला हे अवघड नव्हते; अवघड होते ते इंग्रजीचे कवच.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. निजामी राज्यात हाली शिक्का चाले आणि हद्दीपलीकडे कलदार. सात हालीस सहा कलदार हा भाव. म्हणजे शंभर कलदारांसाठी 116 रुपये, 10 आणे, 8 पै हाली मोजावे लागत. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईपासून जिनिंगमधल्या हमालापर्यंत सर्वांस हा हिशेब तोंडी करावा लागे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाला, तरी हाली नाणे 1959 पर्यंत व्यवहारात राहिले. 1956 हे साल तर मोठे विलक्षण. त्या वर्षी येथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याच्या रुग्णालयास आपण सर्व घाटी म्हणतो. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दशमान वजनमापांचा कायदा झाला. पाठोपाठ 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. राज्य, नाणे आणि वजन ही तिन्ही तीन-चार वर्षांत बदलली, आणि माणसांनी तो बदल पचविला. म्हणून ‘आपल्या पोरींना गणित जमत नाही’ असे कोणी म्हणाले की मला हसू येते.

या गणिताचे मूळ तर आपल्या शेजारीच आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस गेले की पाटणे हे गाव लागते. देवगिरीच्या यादवांच्या काळी, तेराव्या शतकाच्या आरंभी, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापिला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 सालची. तीत त्रैराशिकाची रीत आहे: प्रमाण, फल आणि इच्छा. फलास इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे.

नर्सिंगच्या इंग्रजी पुस्तकात जे सूत्र चौकटीत छापलेले असते ते हेच. बारा किलो वजनाच्या मुलास डॉक्टरांनी किलोमागे 15 मिलिग्रॅम पॅरासिटामोल लिहिले. म्हणजे 180 मिलिग्रॅम. ही झाली इच्छा. बाटलीवर लिहिले आहे, 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम. 125 हे प्रमाण, 5 हे फल. 180 गुणिले 5, भागिले 125, उत्तर 7.2 मिलिलिटर. भास्कराचार्यांची एक अट मात्र विसरता कामा नये: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत. एक ग्रॅममध्ये आणि दुसरे मिलिग्रॅममध्ये ठेवून गणित मांडले की उत्तर हजारपटीने चुकते. माझ्या पाहण्यातील निम्म्या चुका येथेच होतात.

सलाईनचे गणित व्यस्त त्रैराशिकाचे. 500 मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आणि नळी मिलिलिटरला 20 थेंबांची असेल, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब. तेच आठ तासांत द्यावयाचे तर 21. वेळ दुप्पट, थेंब निम्मे. मजूर वाढले की दिवस कमी लागतात, हे ज्याने शेतावर पाहिले त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

काही ठिकाणी मात्र आकडाच फसवितो. अॅड्रेनॅलिनच्या एका कुपीवर 1:1000 आणि दुसरीवर 1:10000 असते. मोठा आकडा म्हणजे तेज औषध असे नवख्या मुलीस वाटते. वस्तुतः पहिलीत मिलिलिटरला एक मिलिग्रॅम आणि दुसरीत त्याचा दहावा भाग. इन्सुलिनचा शोध 1921 साली टोरांटोस लागला. आपल्याकडे आज त्याच्या 40 युनिटांच्या आणि 100 युनिटांच्या अशा दोन्ही कुप्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजाही निराळ्या. 100 ची कुपी आणि 40 ची सिरिंज अशी गाठ पडली तर रोग्याच्या अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. ‘.5’ असे लिहिले आणि टिंब पुसट झाले की पाच वाचले जातात, म्हणून 0.5 असेच लिहावे, आणि पाचास 5.0 कधी लिहू नये.

येथवर विद्यार्थिनीच्या शिकण्याची गोष्ट झाली. आता तिच्या मालकाची. काही वर्षांपूर्वी एका इस्पितळात शिकाऊ परिचारिकेवर चौकशी बसली, आणि तिच्या वडिलांनी मला सोबत नेले. एका मुलाला दुप्पट औषध दिले जाणार होते. वरिष्ठ सिस्टरने हात धरला म्हणून अनर्थ टळला. त्या मुलीची वही मी पाहिली. त्रैराशिक अगदी बरोबर होते, परंतु ते गेल्या महिन्याच्या बाटलीचे होते. खरेदीखात्याने दुसऱ्या कंपनीची, पाचात 250 मिलिग्रॅमची बाटली आणली होती आणि वॉर्डात कोणास कळविले नव्हते. मुलीने लेबल पुन्हा वाचावयास हवे होते, हे खरे. पण सलग दुसरी पाळी करणाऱ्या, पन्नास खाटांमागे एकटीने धावणाऱ्या पोरीचे प्रमाण कोणी बदलले, हा प्रश्न चौकशीच्या कागदावर नव्हताच. आम्ही तो लिहावयास लावला. निलंबन मागे घेतले गेले, आणि नवी बाटली आली की वॉर्डात फळ्यावर लिहिण्याची रीत तेथे पडली. माझ्या मते दुसरा लाभ मोठा.

यंत्रावर काम करणारा फिटर आधी नजरेने अंदाज घेतो, मग माप लावतो, मग सोबत्यास दाखवितो. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने हीच तीन पावले टाकावीत. आधी अंदाज: एका मुलासाठी दहा गोळ्या निघाल्या तर गणितच चुकले आहे. मग कागदावर मांडणी, मोबाइलचे यंत्र हाताशी असले तरी. मग दुसऱ्या जाणत्या डोळ्याची तपासणी, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

शिकविणाऱ्यांनी रीत आधी मराठीत सांगावी आणि इंग्रजी शब्द तिच्या अंगावर चढवावेत. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने 1948 पर्यंत सारे वैद्यक उर्दूत शिकविले. तेव्हा देशी भाषेत हे शास्त्र मावत नाही असे म्हणण्यास या मुलखात तरी जागा नाही. आणि इस्पितळे चालविणाऱ्यांनी एवढे करावे की तिला हिशेब करावयास शांत जागा, पुरेशी झोप आणि जोडीला एक माणूस मिळावे. या तीन गोष्टींची मागणी तिच्या पगाराच्या मागणीइतकीच न्याय्य आहे, कारण तिचा लाभ खाटेवर पडलेल्या माणसाला होतो, आणि त्या खाटेवर आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा जावयाचे आहे.